आईला विचारून केलेलं मराठी

चि. सई आणि चि. ईशान यांस अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी फोनवर ईशानने मला सांगितलं की त्याच्या शाळेतले कॉम्प्युटर ओपन सोर्स प्रणालीवर चालतात. ती विकत घ्यावी लागत नाही, तिच्या आतलं सगळं लिखाण कुणालाही वाचता येतं आणि त्यात सुधारणाही करता येते. मी विचारलं, "पण ती बनवतं कोण?" तो म्हणाला, "आजी, कुणीतरी बनवतं. कोण ते कुणालाच माहीत नसतं." मागून सईचा आवाज आला, "आजीला कशाला पिडतोस? तिला कळणार आहे का?" मी हसले आणि तुमच्या परीक्षेची चौकशी केली.

मला कळतं, बाळांनो. अशा एका माणसाबरोबर मी बरीच वर्षं काम केलेलं आहे. यंदाच्या माघात ते त्यांच्या गावी, मुर्ध्याला वारले. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, तुमच्या आईलासुद्धा. हे पत्र ती तुम्हाला वाचून दाखवेल तेव्हा तिलाही ती प्रथमच कळेल. तिने मधलं काही गाळू नये, एवढी माझी विनंती आहे.

ते आमच्या शाळेचे प्रयोगशाळा सहायक होते. भाईंदर पूर्वेला खारी गावातल्या मराठी शाळेची मी मुख्याध्यापिका होते, हे तुम्हाला माहीत आहेच. प्रयोगशाळा सहायक म्हणजे परीक्षानळ्या धुणारा, ॲसिडच्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवणारा माणूस. शिक्षकांच्या खोलीत त्यांना खुर्ची नव्हती, दाराशी एक स्टूल होतं. मुलं त्यांना 'लॅबवाले सर' म्हणायची, आणि हळूहळू आम्हीही सर म्हणू लागलो. बुटके, काळेसावळे, पँटच्या उजव्या पायाला सायकलच्या साखळीपासून वाचवायला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला. पुष्कळदा तो काढायला विसरायचे आणि दिवसभर तसेच फिरायचे. खिशात इतरांचं पेन असतं तिथे यांचे दोन स्क्रू-ड्रायव्हर असायचे, एक मोठा आणि एक अगदी काडीएवढा.

त्यांचा सगळ्या वस्तूंना एकच प्रश्न असे: "उघडतं का?" शाळेत पंखा येवो, घंटा येवो, कुणी नवी छत्री आणो, ते ती उलटी करून स्क्रू शोधायचे. सापडले की त्यांचा चेहरा निवायचा. नाही सापडले तर वस्तू मुकाट्याने जागेवर ठेवायचे आणि तिच्याबद्दल पुन्हा बोलायचे नाहीत.

त्यांच्या नोकरीला दहा वर्षं झाली तेव्हा स्नेहसंमेलनात एका विश्वस्तांच्या हस्ते त्यांना मनगटी घड्याळ दिलं. त्यांनी ते स्टेजवरच डब्यातून काढलं, उलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं आणि माइकसमोर विचारलं, "साहेब, याचं झाकण निघतं का?"

विश्वस्त म्हणाले, "अहो, बिघडलं तर नवीन घ्या."

"मग हे माझं कसं?" असं म्हणून सरांनी घड्याळ पुन्हा डब्यात ठेवलं. मुलं खो-खो हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना केबिनमध्ये बोलावून सभ्यतेवर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. जाताना म्हणाले, "बाई, तुमच्या टेबलावरच्या घंटीचा आवाज बसलाय. उघडून बघू का?"

त्या काळी शाळेत एकच कॉम्प्युटर होता. तो माझ्या केबिनमध्ये, भरतकाम केलेल्या कापडाखाली असायचा, आणि त्याला हात फक्त मी आणि क्लार्क लावायचो. मुलांना कॉम्प्युटर म्हणजे पुस्तकातलं चित्र. एका सोमवारी सर सायकलच्या कॅरिअरला एक कॉम्प्युटर दोरीने बांधून घेऊन आले. औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याशा कारखान्याने टाकून दिलेला. ते त्याला पेटी म्हणायचे.

"बाई, प्रयोगशाळेच्या मागची खोली रिकामी आहे. दोन टेबलं द्याल?"

"चालते का ही?"

"चालेल. आत होतं ते काढून टाकलं, दुसरं घातलंय. लिनक्स म्हणतात. जगभरच्या लोकांनी मिळून केलंय."

"आणि बिघडलं तर आपल्याला दुरुस्त कोण करून देणार?"

"कुणी कशाला? उघडायचं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी समजूत काढली, "बाई, हे कुणाच्या बापाचं नाही. एकदा केलं की सगळ्या जगाकडे असतं."

मी दोन टेबलं दिली. चार वर्षांत त्या खोलीत अकरा पेट्या झाल्या. एक दवाखान्याची, दोन बंद पडलेल्या बिल्डरच्या ऑफिसच्या, काही थेट भंगारातून सोडवून आणलेल्या. एकीचा रंग दुसरीशी जुळत नव्हता. दर शनिवारी सर सगळे कीबोर्ड सुटे करून पोत्यात घालून घरी नेत, साबणाच्या पाण्यात धूत, आणि त्यांच्या अंगणात बोंबील सुकवायची बांबूंची वलांडी होती तिच्यावर टांगत. सोमवारी खोलीभर सुक्या मासळीचा वास सुटे. आमच्या गणिताच्या बाई नाकाला पदर लावून म्हणायच्या, "काय हो, कॉम्प्युटर शिकवता की कालवण?" सर शांतपणे म्हणायचे, "ऊन तेच आहे, बाई. वेगळं कुठून आणू?"

आता तुमच्या आजोबांची एक गंमत सांगते. त्यांनी हौसेने घरी कॉम्प्युटर घेतला होता. शांती नगरात आपल्याच सेक्टरमधल्या दुकानदाराने त्यात सगळे प्रोग्राम भरून दिले होते, तसे तो सर्वांनाच भरून देई. एकदा कॉम्प्युटर मध्येच अडकला म्हणून मी सरांना घरी बोलावलं. पाच मिनिटं बघून ते म्हणाले, "बाई, हे सगळं चोरीचं आहे."

आजोबा चिडले. "अहो, अख्ख्या मीरा रोडमध्ये हेच चालतंय."

"मार्चमध्ये आपल्या शाळेत अख्खा बाक कॉपी करत होता, साहेब. बाईंनी कुणाला सोडलं?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा ठेवायला आत गेले. सरांनी तीन तास बसून आतलं सगळं काढलं आणि आपलं ते दुसरं घातलं. आजोबा आठवडाभर माझ्याशी तुटक बोलले. मग त्यात पत्त्यांचा डाव सापडला, तेव्हा कुठे निवळले.

मी सरांच्या कामात ओढली गेले ती माझ्या इंग्रजीमुळे. पेट्या चालू लागल्या खऱ्या, पण पडद्यावर येणारं सगळं इंग्रजीत. आमची मुलं कारखान्यात भांडी घडवणाऱ्यांची, भाजीवाल्यांची, खारीतल्या जुन्या गावकऱ्यांची. पडद्यावर एखादी चौकट उमटली की ती हात मागे घेऊन बसायची, जणू काही मोडलं. सरांना कुठूनसं कळलं की अशा प्रोग्रामांतली वाक्यं कुणीही आपल्या भाषेत करून पाठवू शकतो. पुण्याला काही हौशी मंडळी मराठीचं काम बघत. ती वाक्यं तपासून पुढे पाठवायची आणि मग ती सगळ्या जगातल्या प्रतींमध्ये जायची. सरांचं इंग्रजी कच्चं होतं. ते चिठ्ठीवर एकेक वाक्य उतरवून माझ्या केबिनशी उभे राहायचे. "बाई, हे काय म्हणतंय?"

पहिल्या चिठ्ठीवरचं वाक्य मला आठवतं. तुम्ही केलेले बदल अजून साठवलेले नाहीत, असा त्याचा अर्थ होता. मी म्हटलं, "लिहून घ्या: 'आपण केलेले बदल जतन झालेले नाहीत.'" त्यांनी लिहून घेतलं, चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "आता आईला विचारतो."

मला ती थट्टा वाटली. पण पुढच्या रविवारी त्यांनी मला मुर्ध्याला बोलावलं. तिथे ओट्यावर आमच्या नववीतल्या चार मुली वह्या घेऊन बसल्या होत्या आणि समोर सरांची आई होती. सत्तरीची, ताठ कण्याची, सकाळी भाईंदरच्या बाजारात मासळी विकून आलेली. तिला अक्षरओळख नव्हती. सरांनी माझं वाक्य मोठ्याने वाचलं.

"जतन?" ती म्हणाली. "जतन पोरांचं करत्यात. ह्ये लिवलेलं हाय ना? मंग तसा बोल ना. लिवलंस त्ये अजून ठेवलं न्हाय."

एका मुलीने विचारलं, "आणि ठेवायचं का, असं विचारायचं असेल तर?"

"ठेवू का, आनि काय. गिऱ्हाईक पिशवी इसरून आलं तर मी काय बोलते? बाजूला ठेवू का?"

सर माझ्याकडे वळले. "बाई, इंग्रजीला धक्का लागला का?"

लागला नव्हता. त्या दिवशी वहीत वाक्य गेलं: 'लिहिलेलं अजून ठेवलेलं नाही. ठेवू का?'

ही त्यांची पद्धत होती आणि ती त्यांनी कधी मोडली नाही. आईला एका ऐकण्यात कळलं पाहिजे, आणि मी म्हटलं पाहिजे की अर्थ सांडला नाही. दोघींपैकी एकीने मान हलवली नाही तर वाक्य पुढच्या रविवारवर जायचं. प्रत्येक वाक्याखाली सर आणखी एक ओळ लिहायचे, आई नेमकं काय म्हणाली ती, तिच्या बोलीत, तिच्या मासळीच्या दाखल्यासकट. मी विचारलं, "ही ओळ कशाला? ती तर पाठवायची नाही." ते म्हणाले, "कुणी विचारलं असं का केलं, तर दाखवायला."

आई मला सोडायची नाही. मी एखादं भारदस्त वाक्य सुचवलं की म्हणायची, "बाय, तू येवढी शिकलीस, तुला सोपं बोलायला कुनी न्हाय शिकवलं?" मुली तोंडात ओढणी कोंबून हसायच्या. पहिले दोनतीन रविवार मला ते लागलं, हे कबूल करते. नंतर मी सोमवारी वर्गात बोलताना माझीच वाक्यं मनात तिच्यासमोर ठेवून बघू लागले, आणि त्यातली बरीच पडायची.

लहान मुलांच्या चित्रं काढायच्या एका प्रोग्रामाची वाक्यं आम्ही प्रथम पाठवली. पुण्याच्या मंडळींनी किरकोळ बदल करून ती घेतली. काही महिन्यांनी नवी प्रत आली तेव्हा सरांनी आईला शाळेत आणलं. बाजाराची टोपली व्हरांड्यात ठेवून ती आत आली. एका मुलीने पडद्यावरचं वाचून दाखवलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "माझंच बोलनं मना वाचून दावतेस व्हय गं?" मग पदराने कपाळ पुसत सगळ्या पेट्यांवरून फिरली. "समद्यांत हाय?" "समद्यांत हाय," सर म्हणाले. शाळेत ते कधी असं बोलत नसत.

त्या यशावर त्यांनी मोठं काम घेतलं, पत्रं-बित्रं लिहायच्या प्रोग्रामाचं. त्यात काही हजार वाक्यं होती. पहिला गठ्ठा पुण्याहून परत आला. शेरा होता की भाषा प्रमाण नाही, बोलीकडे झुकते. मी संतापले. सर म्हणाले, "त्यांनी कारण विचारलंय, बाई. कारण देऊ." आणि ते वाक्यावाक्याला कारण लिहायला बसले. आता सगळं पुरं झाल्याशिवाय पाठवायचं नाही असं त्यांनी ठरवलं. अर्धं पाठवलं तर अर्धंच परत येईल, म्हणाले. पाचसहा वर्षं हे चाललं. मुली दहावी होऊन गेल्या, नव्या आल्या. वह्यांतलं सगळं, आईच्या ओळींसकट, मुली सोमवारी पेटीत उतरवायच्या आणि भरलेल्या वह्या रद्दीत जायच्या. सगळं काम 'रविवार' नावाच्या फोल्डरमध्ये होतं आणि त्याची एकेक प्रत अकराही पेट्यांत. लोकांचे कॉम्प्युटर उघडत फिरणाऱ्या या माणसाच्या घरी स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता. "अकरा ठिकाणी आहे, बाई," ते म्हणायचे. "एक पेटी मेली तर दहा आहेत." अकराही एकाच खोलीत आहेत, हे त्यांच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

शेवटची दोन वर्षं माझं रविवारचं जाणं जवळजवळ थांबलं. शाळेचा पट घसरत होता. पालक येऊन सरळ सांगायचे, "बाई, शाळा चांगली आहे, पण पोराला इंग्लिश मीडियममध्ये घालतोय." कारण विचारलं की पहिलं बोट त्या खोलीकडे जायचं. "बाजूच्या शाळेत नवे कॉम्प्युटर आहेत. इथे भंगार." तुकड्या बंद होऊ लागल्या होत्या. मी रात्रंदिवस एवढाच विचार करत होते की माझ्या हातून ही शाळा मिटू नये. सर अधूनमधून जिन्यात भेटायचे. एकदा म्हणाले, "झालं बरं का, बाई. संपलं." मी अभिनंदन केलं आणि घाईत वर गेले. पाठवलं का, हे विचारलं नाही. मी धरून चालले.

त्यानंतर महिनाभरात एका मोठ्या कंपनीकडून विश्वस्तांमार्फत निरोप आला. वीस नवे कॉम्प्युटर देणगी म्हणून, आतल्या प्रोग्रामांसकट. अट एवढीच की जुनी यंत्रं काढून खोली रंगवून द्यायची, दारावर त्यांच्या नावाची पाटी लावायची, आणि यंत्रांच्या आत काही फेरफार करायचा नाही. त्यांची माणसं शुक्रवारी बघायला येणार होती. मी करारावर सही केली. मला आनंद झाला होता.

त्याच आठवड्यात, सोमवारी, सरांची आई गेली.

मंगळवारी मी मुर्ध्याला भेटायला गेले. ते भिंतीला टेकून चटईवर बसले होते. आजूबाजूला गावातली माणसं होती. देणगीचं मी काही बोलले नाही. सुतकात बसलेल्या माणसाशी कामाचं काय बोलायचं, असं मला वाटलं. तेरा दिवस ते येणार नव्हते आणि खोली शुक्रवारच्या आत रिकामी व्हायला हवी होती.

पेट्यांत मुलांचे निकाल होते, पत्ते होते. तशाच भंगारात देणं मला पटेना. म्हणून गुरुवारी मी आपल्या सेक्टरमधल्या त्याच दुकानदाराला बोलावलं आणि पेट्या पुसून कोऱ्या करायला सांगितल्या. निकाल, हजेरी, पट, सगळं आधी वेगळं काढून घेतलं. मी स्वतः यादी घेऊन उभी होते आणि एकेका नावापुढे खूण करत होते.

दुपारी तो म्हणाला, "मॅडम, रिझल्ट का निकाल लिया, हाजिरी का निकाल लिया. ये एक 'रविवार' करके फोल्डर है, सब मशीन में सेम. रखना है क्या?"

मी म्हटलं, "वो सब इंटरनेट पे है. उडा दो."

"पक्का ना, मॅडम? बहुत बडा है."

"पक्का."

हे मी बोलले. मला कुणी फसवलं नव्हतं की घाई केली नव्हती. ते फोल्डर उघडून बघायला एक मिनिट लागलं असतं. जे सगळ्या जगाचं आहे ते कुठेतरी, कुणीतरी जपलेलं असणारच, अशी माझी खात्री होती.

तेरावं झाल्यावर सर शाळेत आले. डोकं भादरलेलं, त्यावर पांढरी टोपी. मी त्यांना घेऊन खोलीकडे गेले, कारण बातमी मीच द्यावी असं मला वाटलं. नवा रंग, पितळी पाटी, काळीभोर वीस यंत्रं. ते उंबऱ्यातच थांबले.

"पेट्या?"

"गेल्या. काळजी करू नका, निकाल-बिकाल सगळं मी काढून ठेवलंय."

"आणि रविवारचं?"

"ते तर तुम्ही पाठवलं होतं ना?"

त्यांनी चौकटीला हात लावला. "पंधरवड्यात पाठवणार होतो. लिहून झालं होतं, पण आईनं शेवटची पन्नासेक वाक्यं अजून ऐकायची होती. तिला ताप होता, म्हणून थांबलो."

तेव्हा मी जे बोलले ते सांगण्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. मी म्हटलं, "दुकानदाराने पुसलं असणार. मी तर त्याला सगळं जपून काढायला सांगितलं होतं."

"बरं," ते म्हणाले, आणि परीक्षानळ्या धुवायला गेले.

मला नंतर शिपायाने सांगितलं की पुढचे चार दिवस सर सायकलवरून भंगाराची दुकानं फिरत होते. पेट्या फोडून त्यातलं तांबं काढून झालं होतं.

त्यानंतर आम्ही चार वर्षं एकाच शाळेत होतो. सकाळी मस्टरवर सही करताना ते "नमस्कार, बाई" म्हणायचे, अगदी पूर्वीसारखं. पण चिठ्ठी घेऊन केबिनशी आले नाहीत, आणि नवी वस्तू आली की ती उलटी करून बघणंही हळूहळू बंद झालं. विज्ञानाच्या सरांनी एकदा नवा सूक्ष्मदर्शक आणून मुद्दाम त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पुसला आणि कपाटात ठेवला.

नवी खोली तीन वर्षं छान चालली. मग प्रोग्रामांची मुदत संपली आणि रोज सकाळी वीसही पडद्यांवर नूतनीकरण करा म्हणून सूचना येऊ लागली, इंग्रजीत. कंपनीची ती योजना बंद झाली होती. फोन केला की नुसता वाजत राही. शेवटी मी सरांना विचारलं. ते त्या दिवशी पहिल्यांदा खोलीत आले. एका यंत्रासमोर उभ्याउभ्याच सूचना वाचली आणि म्हणाले, "बाई, यात हात घालायची आपल्याला परवानगी नाही. कागदावर तुमची सही आहे." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

मी निवृत्त झाले त्या आठवड्यात मुर्ध्याला गेले. रस्त्याच्या कडेची मिठागरं बुजवून इमारती उठत होत्या. सरांच्या अंगणात वलांडी राहिली नव्हती, मोटारसायकल उभी होती. त्यांनी स्वतः चहा केला. काय बोलायचं ते मी बसमध्ये मनाशी घोकलं होतं. मी सुरुवात केली, "सर, त्या गुरुवारी दुकानदाराने मला..."

"तो मला तेव्हाच भेटला होता, बाई," ते चहा गाळत म्हणाले. "म्हणाला, मैंने दो बार पूछा था."

मी हातातली पिशवी बाजूला ठेवली. मग विचारलं, "मग चार वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तुम्हीपण त्या रविवारांना असायच्यात. तुमचंही गेलंच की."

मी म्हटलं, पुन्हा करू. मी आता मोकळी आहे, इंग्रजी मी सांगेन, मुलींना बोलावून घेऊ. जुन्या मुली येतील, मी त्यांना पत्रं लिहीन. मी बरंच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, मी केबिनमध्ये बोलायची तेव्हा ऐकून घ्यायचे तसंच.

"मी करून बघितलं, बाई," ते म्हणाले. "वर्षभर रविवारी बसत होतो. अर्थ सगळा आठवतो. पण ती कशी बोलली होती, ते न्हाय आठवत. माझंच बोलणं मध्ये येतंय." कप माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "आणि लिहिलं तरी बरोबर झालं का ते कुणाला विचारू? तुम्ही अर्थ सांगाल. पुढचं कोण सांगणार?"

चहा पिऊन मी निघाले. ते बसस्टॉपपर्यंत सोडायला आले. बस आल्यावर मी क्षमा मागितली. ते म्हणाले, "चढा, बाई, ड्रायव्हर थांबायचा नाही." त्यानंतर मी मुर्ध्याला गेले नाही. जायला हवं होतं.

ते गेल्याचं मला त्या पहिल्या चार मुलींपैकी एकीने फोनवर कळवलं. ती आता पुण्यात कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहे. मी तिला सांगितलं की आपलं काय शिल्लक आहे ते शोधून बघ. तिने दोन दिवस घेतले. मोठ्या कामातलं काहीच कुठे नाही. लहान मुलांच्या चित्रांचा तो प्रोग्राम आजही चालू आहे. त्यातली बरीच वाक्यं मागाहून आलेल्या लोकांनी बदलली, आणि तसं करायची मुभा असतेच. भाषांतर करणाऱ्यांच्या नावांत सरांचं नाव नाही, आईचंही नाही. तिथे आमच्या शाळेचं नाव आहे आणि शाळा दोन वर्षांपूर्वी बंद झाली. त्या ओट्यावर ठरली तशीच्या तशी राहिलेली वाक्यं तिने एकेक करून मोजली. ती त्रेसष्ट आहेत. प्रोग्रामाची भाषा मराठी केली की दिसतात.

तुमची,
आजी